राजा गेला, मिशनरी गेला. मंडळी राहिली का?

चर्च प्लांटिंग हा शब्द हल्ली ख्रिस्ती वर्तुळात सर्रास ऐकू येतो. बरेच जण त्याचा अर्थ इमारत बांधणं असा घेतात, पण इमारतीचा संबंध आला तर अगदी शेवटी येतो. जिथे ख्रिस्ती उपासना करणारं कुणी नाही, किंवा असलं तरी विखुरलेलं आहे, तिथे मंडळी उभी करायची, एवढाच त्याचा अर्थ. मंडळी म्हणजे दर आठवड्याला एकत्र जमणारी, एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाणारी, आपला पाळक आपण पोसणारी आणि पुढच्या पिढीला शिकवणारी माणसं. भातलावणीत रोप चिखलात खोचायला क्षण लागतो. ते लागलं की नाही, हे काही दिवस गेल्यावर कळतं. मंडळीच्या बाबतीत ते कळायला एखादी पिढी जाते.

म्हणून या विषयावर आजच्या यशोगाथा वाचण्यापेक्षा हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या संतांची चरित्रं वाचणं मला जास्त उपयोगी वाटतं. तिथला निकाल लागून गेलेला आहे. कुणाचं काम टिकलं आणि कुणाचं वाहून गेलं, हे आपल्याला माहीत आहे.

ही चरित्रं वाचायची एक रीत मात्र आहे. आपल्याकडे भिंत चालते आणि रेडा वेद म्हणतो, तसा तिकडे डोंगर सरकतो आणि काठी रोवली की नदीचा पूर थांबतो. चमत्कार खरा की खोटा या वादात शिरलं की निम्मं चरित्र वाया जातं. कारण दोन चमत्कारांच्या मधे चरित्रकार सहज बोलता बोलता कामाच्या गोष्टी सांगून जातो. कोण कुठे मुक्कामाला राहिला, तिथली भाषा कुणाला येत होती, पैसे कुठून आले, पोरांना कुणी शिकवलं, या सगळ्या गोष्टी त्या मधल्या जागेत सापडतात.

छत्तीस दिवसांचा बाप्तिस्मा

सगळ्यात स्वच्छ उदाहरण इंग्लंडच्या उत्तरेकडचं, तेव्हाच्या नॉर्थंब्रिया राज्याचं आहे. ते सांगणारा बीड (जिल्हा नव्हे, आठव्या शतकातला इंग्रज मठवासी) याच राज्यातल्या मठात वाढला. आपल्या लोकांच्या चर्चचा इतिहास त्याने ७३१ साली पुरा केला, म्हणजे ही त्याच्या घरचीच हकीकत आहे.

६२५ साली इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या केंट राज्याची राजकन्या एथेलबर्गा नॉर्थंब्रियाच्या एडविन राजाला दिली. ती ख्रिस्ती होती, तो नव्हता. तिची पाठराखण करायला पॉलिनस नावाचा रोमन मिशनरी बिशप होऊन तिच्याबरोबर आला. राजाने पुष्कळ विचार केला, दरबारात खल केला आणि ६२७ च्या ईस्टरला, यॉर्कमध्ये घाईघाईने उभारलेल्या लाकडी चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. मग लोंढाच लागला. पॉलिनस राजाराणीबरोबर येव्हरिंगच्या राजवाड्यावर गेला तेव्हा सलग ३६ दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या लोकांना तो शिकवत होता आणि जवळच्या ग्लेन नदीत बाप्तिस्मा देत होता. १९५० च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा लाकडी राजसभांच्या खुणांबरोबर पायऱ्यापायऱ्यांची, पुढे निमुळती होत जाणारी लाकडी बैठकही सापडली. पॉलिनस तिथेच बोलला असं काही त्यावरून सिद्ध होत नाही. पण राजाने बोलावलं की प्रजेने येऊन बसायचं, याची सोय तिथे होती खरी.

आजच्या एखाद्या मिशन संस्थेच्या अहवालात हे ३६ दिवस पहिल्या पानावर झळकले असते, फोटोंसकट.

सहा वर्षांनी, ६३३ साली, एडविन लढाईत पडला. शेजारच्या मर्सिया राज्याचा पेंडा आणि त्याचा दोस्त कॅडवालन यांनी मिळून त्याला संपवलं. पॉलिनस राणीला घेऊन समुद्रमार्गे केंटला परत गेला आणि पुढे तिकडच्याच रॉचेस्टरचा बिशप झाला. त्याला पळपुटा म्हणणं सोपं आहे, पण विधवा राणीला सुखरूप पोचवणं हीसुद्धा त्याचीच जबाबदारी होती. मागे काय उरलं ते पाहायला हवं. राज्याचे दोन तुकडे झाले. दोन्हीकडे गादीवर आलेले राजे आधी बाप्तिस्मा घेतलेले होते, आणि सत्ता हाती येताच दोघेही जुन्या देवांकडे परतले. पुढे बीड एक वाक्य ओघात लिहून जातो. राज्याच्या उत्तर भागात, बर्निशियात, पुढचा राजा ऑस्वल्ड याने लढाईआधी लाकडी क्रूस रोवला, त्यापूर्वी तिथे ना चर्च होतं, ना वेदी, ना ख्रिस्ती श्रद्धेची कसली खूण.

येव्हरिंग याच बर्निशियात येतं. छत्तीस दिवस माणसं नदीत उतरत होती, आणि त्या माणसांसाठी एक वेदीसुद्धा उभी राहिली नव्हती.

एक जण मात्र मागे राहिला. पॉलिनसचा सहकारी, जेम्स नावाचा डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक. बीडने त्याला थोडक्याच ओळी दिल्या आहेत. तो कॅटरिकजवळच्या एका खेड्यात राहिला, शिकवत राहिला, बाप्तिस्मा देत राहिला, आणि पुन्हा शांतता झाल्यावर लोकांना रोमन चालीवर उपासनेची गीतं गायला शिकवू लागला. बीडच्या काळापर्यंत त्या खेड्याला त्याचंच नाव होतं. ६६४ साली व्हिटबीला मोठी धर्मसभा भरली तेव्हा हा म्हातारा तिथे हजर होता. तो बिशप नव्हता, पाठीशी राजा नव्हता, नवी माणसं पाठवणारं कुणी नव्हतं. तीस वर्षं त्याने गाणं शिकवलं. आमच्याकडे नव्या मंडळीसाठी माणूस निवडताना वक्तृत्व आधी पाहतात आणि मुक्काम करण्याची तयारी मग. जेम्सचं चरित्र कुणी सविस्तर लिहिलं असतं तर हा क्रम बदलला असता असं मला वाटतं.

फटकारणारा आणि चालणारा

ऑस्वल्डचं तरुणपण परागंदा अवस्थेत, आयरिश ख्रिस्ती लोकांत गेलं होतं. ६३४ मध्ये राज्य मिळाल्यावर त्याने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आयोना मठाकडे बिशप मागितला. मठाने एक कडक शिस्तीचा माणूस पाठवला. तो काही दिवसांतच परत आला. हे लोक हट्टी, रानटी आहेत, यांच्यापुढे काही चालणार नाही, असा अहवाल त्याने मठाच्या सभेला दिला. त्या सभेत एडन नावाचा एक मठवासी बसला होता. तो म्हणाला की, बंधू, मला वाटतं अडाणी श्रोत्यांवर तू गरजेपेक्षा जास्त कठोर झालास. आधी दूध पाजायचं, ते पचल्यावर जड अन्न द्यायचं, हे तू केलं नाहीस. सभेतल्या सगळ्यांच्या नजरा एडनकडे वळल्या आणि त्यालाच बिशप करून पाठवलं. शहाणपणाचा सल्ला दिला की काम गळ्यात पडतं, हा नियम आयोनालाही लागू होता.

६३५ साली एडन लिंडिसफार्नला आला. हे भरती-ओहोटीचं बेट आहे. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, भरती आली की वाट बंद होते. राजाचा किल्ला नजरेच्या टप्प्यात, पण अंगणात नाही. एडनला इंग्रजांची बोली नीट येत नव्हती. तो आयरिशमध्ये बोले आणि राजा स्वतः शेजारी उभा राहून आपल्या सरदारांना अर्थ सांगे. राजाने दुभाषा व्हावं, हे दृश्य बीडला फार सुंदर वाटलं आहे.

एडन गावोगाव पायी फिरे. वाटेत भेटेल त्याच्याशी बोले, मग तो श्रीमंत असो की गरीब. बरोबरच्या सगळ्यांनी, मठवासी असोत की प्रापंचिक, रोज पवित्र शास्त्र वाचायचं किंवा स्तोत्रं पाठ करायची असा त्याचा दंडक होता. राजाच्या पंगतीचं आमंत्रण आलं तर एक-दोघांना घेऊन जाई, चार घास खाई आणि लगबगीने उठे. पुढे ओस्विन नावाच्या राजाने त्याला नद्या-ओढे ओलांडायला म्हणून एक उमदा, शृंगारलेला घोडा दिला. रस्त्यात भिकारी भेटला, एडनने खाली उतरून घोडा त्याला देऊन टाकला. जेवायला बसताना राजाने विचारलं की भिकाऱ्याला देण्यासारखे दुसरे हलके घोडे नव्हते का? एडनने उलट विचारलं, घोडीचं पोर तुला देवाच्या लेकरापेक्षा मोलाचं वाटतं का? राजा शेकोटीपाशी जरा वेळ शेकत उभा राहिला, मग तलवार सोडून ठेवली आणि एडनच्या पायाशी येऊन बसला.

गोष्ट गोड आहे, म्हणून प्रवचनांत तीच ऐकायला मिळते. माझ्या दृष्टीने कामाच्या बाबी दुसऱ्या दोन आहेत. एडनने आल्यावर सुरुवातीलाच बारा इंग्रज मुलगे शिकायला घेतले. त्यांतला ईटा पुढे लिंडिसफार्नचाच मठाधिपती आणि बिशप झाला. दुसरी बाब पैशाची. श्रीमंतांकडून आलेलं दान एडन गरिबांना वाटून टाके किंवा अन्यायाने गुलाम म्हणून विकल्या गेलेल्यांना सोडवायला वापरे. सोडवलेल्यांपैकी अनेकांना त्याने शिष्य केलं, शिकवलं आणि त्यांतून धर्मगुरू तयार केले. म्हणजे कालचा गुलाम उद्या वेदीपाशी उभा राहत होता, आणि तो बोलत होता लोकांचीच बोली.

६४२ साली ऑस्वल्डही लढाईत पडला. मारणारा पुन्हा तोच पेंडा. एडविननंतर नऊ वर्षांनी अगदी तोच प्रसंग आला. या खेपेला चर्च जागचं हललं नाही. ऑस्वल्डचा भाऊ ऑस्वी गादीवर आला, तोही आयरिश ख्रिस्ती लोकांत वाढलेला, हे नशीब म्हणा. पण सगळं श्रेय नशिबाला देता येत नाही. तोवर बेटावरची मुलं मोठी झाली होती. ६५१ मध्ये एडन वारला, तरी ६५३ साली खुद्द पेंडाच्या मुलाच्या मुलखात चार धर्मगुरू गेले. त्यांतले तिघे इंग्रज होते आणि एक आयरिश. एडनला येऊन अजून वीस वर्षंही झाली नव्हती. पेंडा स्वतः शेवटपर्यंत ख्रिस्ती झाला नाही, पण त्याने प्रचाराला बंदी केली नाही. बीड सांगतो की त्याचा तिरस्कार होता तो ख्रिस्ती म्हणवून घेऊन तसं न वागणाऱ्यांचा. शत्रूकडून आलेलं हे मूल्यमापन मला फार विश्वासार्ह वाटतं.

पॉलिनसवर अन्याय होऊ नये म्हणून आणखी एक गोष्ट. ६२७ साली एडविनबरोबर त्याच्या नात्यातल्या हिल्डा नावाच्या मुलीनेही पॉलिनसच्या हातून बाप्तिस्मा घेतला होता. पुढे ती मठवासिनी व्हायला फ्रान्सकडे निघाली असताना एडनने तिला परत बोलावून घेतलं. तिने चालवलेल्या व्हिटबीच्या मठातून पाच बिशप तयार झाले. आणि केडमन नावाच्या गुराख्याला गाणी सुचू लागली तेव्हा तिने त्याला मठात घेतलं, विद्वानांकडून त्याला बायबलच्या गोष्टी ऐकवल्या आणि तो त्यांवर लोकभाषेत पदं रचू लागला.

देवळं पाडायची का?

याच इंग्लंडच्या कामाविषयी एक पत्र जपून राहिलं आहे. ६०१ साली पोप पहिला ग्रेगरी याने केंटच्या राजाला लिहिलं की मूर्तिपूजा दडपून टाक, देवळं पाड. काही आठवड्यांतच त्याने इंग्लंडच्या वाटेवर असलेल्या मेलिटस नावाच्या मिशनरीच्या मागे दुसरं पत्र धाडलं. मी बराच विचार केला आहे, देवळं पाडू नका, असं त्यात होतं. आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेद्या बांधा, म्हणजे लोक ओळखीच्या जागी येत राहतील. सणाला बैल कापायची त्यांची रीत असेल तर कापू द्या, फक्त देवाचे आभार मानून खाऊ द्या. उंचावर जायचं तर पायरीपायरीने चढावं लागतं, उडी मारून जाता येत नाही.

याला आजच्या अर्थाने सहिष्णुता म्हणता येणार नाही, मूर्ती फोडायच्याच होत्या. तरीही एका पोपने महिनाभरात आपला हुकूम फिरवला आणि तोही लोकांच्या सवयींचा विचार करून, हे थोडं नाही. आपल्या किनाऱ्यावर उलट घडलं. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने १५४० च्या सुमारास तिसवाडीत आणि १५६० च्या दशकात साष्टीत देवळं पाडली, आणि १६८४ साली कोंकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोला असा हुकूम काढला. सत्तेच्या जोरावर धर्म पसरवण्याचे ओरखडे आजही बुजलेले नाहीत, आणि मंडळीच्या कामाकडे लोक संशयाने पाहतात त्यामागे ही आठवणही आहे, हे ख्रिस्ती माणसाने नाकारण्यात अर्थ नाही. त्याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स मराठीत ओव्या रचत होते. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. राजसत्तेचे हुकूम आता कागदोपत्री उरले आहेत, ओव्या मात्र आजही म्हटल्या जातात. तीनशे वर्षांनी ना. वा. टिळकांनी नगरकडे भजन-कीर्तनातून तीच वाट रुंद केली, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा स्वतंत्र भक्तमेळा काढला.

पॅट्रिकचा हिशोब

पैशाचा विषय मंडळीत सहसा कुणी काढत नाही, आणि काढला की भांडण होतं. संत पॅट्रिकने तो स्वतः काढला आहे. त्याच्याविषयीच्या बहुतेक दंतकथा, सापांना हाकलण्यापासून तीन पानांच्या शॅमरॉकपर्यंत, नंतरच्या आहेत. पण पाचव्या शतकातल्या या माणसाच्या हातचे दोन मजकूर आपल्यापाशी आहेत. एक आत्मनिवेदन आणि एक संतापून लिहिलेलं पत्र.

पॅट्रिक मूळचा ब्रिटनचा. वडील डीकन, आजोबा धर्मगुरू. सोळावं लागायच्या आत चाच्यांनी त्याला पळवून आयर्लंडला नेलं. सहा वर्षं तो गुलाम म्हणून गुरं राखत होता. तिथेच भाषा कानावर पडली. तो निसटला, घरी पोचला आणि काही वर्षांनी स्वतःहून त्याच आयर्लंडला परत गेला. तिथे तो पहिला नव्हता. ४३१ सालीच रोमने पॅलेडियस नावाचा बिशप, आधीपासून ख्रिस्ती असलेल्या आयरिश लोकांसाठी, पाठवल्याची नोंद आहे. पहिला कोण या मानापमानात चरित्रकारांना रस असतो, पण पॅट्रिकचं स्वतःचं लिखाण त्या बाबतीत गप्प आहे.

ब्रिटनमधल्या वडीलधाऱ्यांनी त्याच्यावर संशय घेतला होता, असं त्याच्या उत्तरावरून दिसतं. तो लिहितो की बाया भक्तिभावाने आपले दागिने वेदीवर टाकायच्या आणि मी ते परत करायचो, त्या रागवायच्या तरीही. इतक्या हजारांना बाप्तिस्मा दिला, कुणाकडून जोड्याच्या किमतीइतकंही घेतलं असेल तर सांगा, परत करतो. उलट मीच खर्च केला. राजांना नजराणे दिले, माझ्याबरोबर फिरणाऱ्या राजपुत्रांना वेतन दिलं, आणि ठिकठिकाणच्या न्याय करणाऱ्यांना मिळून निदान पंधरा माणसांची किंमत मोजली.

शेवटचा आकडा समजून घ्यायला हवा. आयर्लंडमध्ये एक राजा नव्हता, लहान लहान राज्यांची नुसती गर्दी होती. परक्या माणसाला तिथे कायद्याचं संरक्षण नव्हतं. एका मुलखातून दुसऱ्यात जायचं तर तिथल्या वजनदार माणसाचं अभय लागे, आणि ते फुकट मिळत नसे. माणसाच्या जिवाची किंमत तेव्हा कायद्याने ठरलेली असे, पॅट्रिकने त्याच मापात हिशोब सांगितला आहे. एवढं करूनही एकदा त्याला आणि सोबत्यांना पकडून, सगळं लुटून, चौदा दिवस बेड्यांत ठेवलं.

गंमत अशी की एडनविषयी बीड नेमकं उलट सांगतो. त्याने सत्ताधाऱ्यांना कधी पैसा दिला नाही, घरी आले तर जेवू घातलं. दोघेही आयरिश परंपरेत पूज्य. एडनच्या पाठीशी राजा होता म्हणून त्याला नजराणे द्यावे लागले नाहीत, पॅट्रिकपाशी एकही राजा नव्हता म्हणून त्याला द्यावे लागले. त्यामुळे 'संतांनी असंच केलं' म्हणून कुठलीही एक पद्धत गळ्यात मारणाऱ्यांपासून जपून राहिलेलं बरं. दोघांत समान आहे ते एवढंच की नव्याने आलेल्या माणसांकडून पैसा वर, सेवकाकडे, वाहत नव्हता. आणि हिशोब विचारला तर पॅट्रिकला तो तोंडपाठ होता.

पॅट्रिकच्या त्या संतापलेल्या पत्रातला एक तपशील सहज नजरेतून सुटतो. कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांनी नुकत्याच बाप्तिस्मा घेतलेल्या, अजून पांढऱ्या वस्त्रांत असलेल्या माणसांना मारलं आणि पळवून नेलं. दुसऱ्या दिवशी पॅट्रिकने कैद्यांना सोडवायला एका धर्मगुरूच्या हाती चिठ्ठी पाठवली. सैनिक त्याला हसले. हा धर्मगुरू कोण? पॅट्रिक लिहितो, ज्याला मी लहानपणापासून शिकवलं तो.

कोळसेवाला बिशप आणि एक आजी

संत ग्रेगरी, ज्याला परंपरेत 'चमत्कार करणारा' म्हणतात, तो तिसऱ्या शतकातला. आजच्या तुर्कस्तानात काळ्या समुद्राकडच्या निओसीझरिया गावचा. कायदा शिकायला निघाला आणि वाटेत ऑरिजनसारखा मोठा धर्मपंडित गुरू मिळाल्यामुळे धर्मशास्त्र शिकून परत आला. इ.स. २४० च्या सुमारास बिशप झाला तेव्हा गावात १७ ख्रिस्ती होते आणि मेला तेव्हा १७ च लोक ख्रिस्ती नव्हते, असं सांगतात. इतका जुळणारा आकडा मी तरी हिशोबात धरत नाही. त्याचं चरित्र शतकाहून जास्त काळाने दुसऱ्याच एका ग्रेगरीने, निसाच्या बिशपने, लिहिलं आहे.

त्यात कोमाना गावची हकीकत आहे. तिथल्या मंडळीला बिशप हवा होता आणि निवडीसाठी तिने ग्रेगरीला बोलावलं. गावातल्या प्रतिष्ठितांनी खानदानी, चांगलं बोलणारी नावं पुढे केली. ग्रेगरी म्हणाला, साध्या माणसांतही बघा. कुणीतरी थट्टेने ओरडलं, मग त्या कोळसेवाल्या अलेक्झांडरलाच करा की! ग्रेगरीने खरोखर त्याला बोलावलं. तो आला तो काळाकुट्ट, फाटक्या कपड्यांत, लोक हसायला लागले. ग्रेगरीने बाजूला नेऊन विचारपूस केली तेव्हा कळलं की माणूस शिकलेला होता आणि हा धंदा त्याने समजून उमजून पत्करला होता. अंघोळ घालून, कपडे बदलून त्याला पुन्हा सभेत आणलं आणि बिशप केलं. त्याच्या पहिल्या भाषणाला एक अथेन्सचा तरुण हसला, कारण बोली गावठी होती. हा अलेक्झांडर पुढे श्रद्धेसाठी जळून मेला.

ग्रेगरीचं स्वतःचं एक पत्र उरलं आहे. गॉथ टोळ्यांच्या धाडींनंतरचं. अशा गोंधळात काही ख्रिस्ती माणसांनीही शेजाऱ्यांचं सामान 'सापडलं' म्हणून घरात नेऊन ठेवलं होतं, काही जण तर धाडखोरांना सामील झाले होते. कुणाला काय प्रायश्चित्त, हे पत्रात ठरवून दिलं आहे. सुरुवातीलाच तो सांगतो की कैदेत ज्या स्त्रियांवर जबरदस्ती झाली, त्यांच्या माथी दोष मारू नका. तिसऱ्या शतकातलं हे वाक्य आजही कित्येक ठिकाणी वाचून दाखवावं लागेल. मंडळी उभी करणं म्हणजे संकट ओसरल्यावर असले निवाडे करत बसणंही असतं, आणि त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

ग्रेगरी गेल्यावर त्याची शिकवण कुठे राहिली? त्याच गावातल्या मॅक्रिना नावाच्या बाईच्या तोंडी. पुढच्या मोठ्या छळात ती आणि तिचा नवरा सात वर्षं त्या भागातल्या, म्हणजे पाँटसच्या, जंगलांत लपून राहिले. तिचा नातू म्हणजे चौथ्या शतकातला थोर बिशप बेसिल. तो एका पत्रात लिहितो की आजीने ग्रेगरीचे शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवले होते आणि आम्हा लहान पोरांना तेच ऐकवून वाढवलं.

झाडाखाली अभ्यास करणारी दोन मुलं

चौथ्या शतकात टायर शहरातला (आजच्या लेबनॉनमधलं) मेरोपियस नावाचा विद्वान आपल्या नात्यातली दोन मुलं, फ्रुमेन्शियस आणि एडेसियस, बरोबर घेऊन प्रवासाला गेला. परतताना गलबत पाण्यासाठी तांबड्या समुद्राच्या किनाऱ्याला लागलं. रोमशी करार मोडल्याचा राग म्हणून तिथल्या लोकांनी सगळ्यांना कापून काढलं. दोन मुलं तेवढी झाडाखाली अभ्यास करत बसलेली सापडली. त्यांना अक्सुमच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, राजाकडे नेलं. एडेसियस राजाचा पेयवाढप्या झाला आणि हुशार फ्रुमेन्शियसकडे हिशोब आणि पत्रव्यवहार आला. ही हकीकत रुफिनस या चर्चच्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे, आणि आपण ती खुद्द एडेसियसच्या तोंडून ऐकली असं तो सांगतो.

राजा वारला तेव्हा मुलगा लहान होता. राणीने दोघांना थांबायची विनंती केली. कारभार हाती आल्यावर फ्रुमेन्शियसने काय केलं? त्याने बंदरांत येणाऱ्या व्यापाऱ्यांत ख्रिस्ती कोण आहेत याची चौकशी केली आणि त्यांना प्रार्थनेला जमण्यासाठी जागा मिळवून दिल्या. बिशप नाही, पाळक नाही, आधीपासून असलेली माणसं फक्त एकत्र बसवली. राजपुत्र मोठा झाल्यावर एडेसियस घरी टायरला गेला. फ्रुमेन्शियस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला बिशप अथानेशियसकडे गेला आणि म्हणाला, तिकडे माणसं जमू लागली आहेत, कुणी योग्य बिशप पाठवा. अथानेशियसने विचारलं, तुझ्याइतका योग्य दुसरा कोण? आणि त्यालाच दीक्षा देऊन परत पाठवलं. अक्सुमच्या एझाना राजाच्या नाण्यांवरचे चंद्रकोर आणि बिंब जाऊन क्रूस आला, तो याच काळात.

पण एक गाठ अथानेशियसच्या हातून पडली ती सुटायला फार वेळ लागला. पहिला बिशप अलेक्झांड्रियाने दिला म्हणून पुढचेही तिथूनच येत राहिले. ते इजिप्शियन असत, पुष्कळदा त्यांना तिथली भाषा येत नसे. इजिप्तच्या सत्ताधीशांनी अडवलं की वर्षानुवर्षं बिशपच नसे, आणि बिशप नाही तर धर्मगुरूंना दीक्षा नाही.

बाहेरून येणाऱ्या बिशपचा हा धागा आपल्या किनाऱ्यालाही लागतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापारी प्रवाशाने 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलं आहे. अनेक अभ्यासक हे आपलं कल्याण समजतात. चौदाव्या शतकात ओडोरिक नावाचा युरोपियन मठवासी ठाण्याला आला तेव्हा त्याला तिथे नेस्टोरियन, म्हणजे पर्शियाकडच्या पंथाच्या, ख्रिश्चनांची पंधरा घरं दिसली. वसई-ठाण्याच्या आजच्या ख्रिस्ती गावांचा लिखित इतिहास त्या घरांशी जोडता येत नाही, तो सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपासून सुरू होतो. केरळातही बिशप पश्चिम आशियातूनच येत. पण तिथे समाजाचा रोजचा कारभार आर्चडीकनच्या, म्हणजे मुख्य डीकनच्या, हाती असे, आणि तो तिथल्याच घराण्यातला असे. ती मंडळी आजही आहे.

इथिओपियातही असंच काहीतरी घडलं. तिथे मठ उभे राहिले, बायबल तिथल्या जुन्या गीझ भाषेत आलं, आणि देब्रे लिबानोस मठाचा प्रमुख, जो स्थानिकच असे, चर्चचा कारभार पाहू लागला. गावोगाव दब्तरा म्हणून एक वर्ग तयार झाला. त्यांना धर्मगुरूची दीक्षा असेलच असं नाही, पण चाली, पदं, ग्रंथांचा अर्थ सगळं त्यांच्या मुखी. ढोल आणि झांजेसारख्या खुळखुळ्यांच्या तालावर गात त्यांनी सण चालू ठेवले, बिशप आलेला असो वा नसो. पहिला इथिओपियन आर्चबिशप, आबुना बसिलिओस, १९५१ साली नेमला गेला आणि १९५९ मध्ये तोच देशाचा पहिला पॅट्रिआर्क, म्हणजे चर्चचा सर्वोच्च प्रमुख, झाला. तोवर ते चर्च सोळाशे वर्षांचं झालं होतं.